सील ठोकायला गेलेली माझी सून

माझ्या सुनेला अख्खा वॉर्ड 'होईलताई' म्हणायचा. नगरसेविका होती ना! ताई, गटार तुंबलंय, म्हणालं कुणी, की ही म्हणणार, होईल. ताई, गल्लीत दिवा नाही. होईल. एक गृहस्थ तर मुलाचं लग्न जमत नाही म्हणून गाऱ्हाणं घेऊन आले. हिने जिना उतरता उतरताच सांगितलं, "होईल, काका!" आणि झालं की हो! पुढच्या निवडणुकीत तो मुलगा बायकोला घेऊन हिची पत्रकं वाटत फिरला.

मूळची ती डॉक्टर. लग्न होऊन आली आणि तिने खालच्या मजल्यावर दवाखाना टाकला. पण माणसं यायची खोकला घेऊन आणि बोलत बसायची नळाच्या गढूळ पाण्याबद्दल. एके दिवशी दवाखान्याला कुलूप लावून वर आली नि म्हणाली, "आई, मी निवडणुकीला उभी राहते."

"राहा बाई," मी म्हटलं. "बसलेली तरी कुठे असतेस?"

तीनदा निवडून आली. त्या काळातल्या उद्घाटनांचं तर विचारूच नका. बाग, वाचनालय, मुतारी, काही सोडलं नाही. दोन खांबांमध्ये फीत दिसली की हिचे हात शिवशिवायचे. माझा मुलगा घरी पार्सलची सुतळी कापायला बसला तरी म्हणायचा, "थांबा, आधी प्रमुख पाहुण्यांना बोलवा!"

चौथ्यांदा मात्र आपटली. आठवडाभर नुसती भाजी चिरत बसायची. इतकी बारीक, की कोबी आहे की दुधी, ते आम्हाला जेवताना चवीवरून ओळखावं लागे. मग कळलं, आरोग्य खात्यात अधिकारी हवाय. डॉक्टर होतीच, वॉर्डातलं प्रत्येक गटार नावानिशी ओळखत होती. अर्ज केला, मुलाखत दिली, घेतलं तिला. पण वर्षभर कच्ची नोकरी, प्रोबेशनवर. मोठ्या साहेबांनी पहिल्याच दिवशी ऐकवलं, "बाई, पुढारी माणसाला नाही म्हणता येत नाही. इथे तर रोज तेच म्हणायचं असतं. पहिल्याच कामात कळेल मला. जमलं नाही तर घरी बसायचं."

बिचारी घरी येऊन सराव करायला लागली.

"आई, माझ्याकडे काहीतरी मागा."

"चहा दे."

तिने छाती भरून श्वास घेतला, मान ताठ केली, आणि गेली आधण ठेवायला.

आणि पहिलं काम आलं ते नेमकं कोपऱ्यावरच्या बेकरीचं! गल्लीतल्या चार-पाच पोरांची पोटं बिघडली होती. निरीक्षकाने जाऊन पाहिलं, तर पिठाच्या पोत्यांत उंदरांनी बिऱ्हाडं थाटलेली. बेकरीला सील ठोकायचं. आणि बेकरीवाला कोण, तर तिन्ही निवडणुकांत हिच्यासाठी घसा फोडणारा!

मला यातलं काही ठाऊक नाही. मी आपली काठी टेकत, पिशवी घेऊन पाव आणायला गेले, तर ही गर्दी. दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत निरीक्षकाने लाल-पांढरी पट्टी ताणली होती. पट्टीचं जास्तीचं टोक कापायला त्याने कात्री पुढे केली. समोर माणसं, कुणीतरी मोबाईल वर धरलेला, कुणीतरी उगाच टाळी वाजवली. झालं! आमच्या बाई हसल्या, कॅमेऱ्याकडे बघितलं, आणि पट्टी मधोमध कचकन कापली.

टाळ्यांचा कडकडाट!

"ताई, देवासारख्या आलात!" बेकरीवाला ओरडला. "अरे, भट्टी पेटवा!"

निरीक्षक रडवेला होऊन म्हणाला, "मॅडम, ती आपली पट्टी होती."

सुनेचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मग तिने सभेत करायची तसा हात वर केला. "थांबा! दुकान बंद आहे!"

"अहो, आत्ताच तर उघडलंत!"

"चुकले. हात सवयीने गेला."

आधी तीच फिसकन हसली. मग काय, गल्लीच्या गल्ली पोट धरून हसली. माझी तर कवळी निसटता निसटता राहिली.

हसणं ओसरल्यावर बेकरीवाल्याने हात जोडले. "ताई, पीठ मळून तयार आहे. आजचा दिवस चालू द्या. उद्या सगळं साफ करतो, तुमच्या गळ्याशपथ. एवढं काम करा."

ते 'होईल' तिच्या अगदी दातांपर्यंत आलेलं मला दिसलं. तिने ते कडू गोळीसारखं गिळलं.

"नाही," ती म्हणाली. आवाज जरा चिरकला, पण म्हणाली.

आता पट्टी पुन्हा लावायची, तर रीळ संपलेलं. निरीक्षक ऑफिसकडे पळाला. तोवर दाराशी कोण? हिची नजर माझ्यावर पडली. बेकरीतली खुर्ची ओढून तिने मला उंबऱ्यातच बसवलं.

"आई, नवी पट्टी येईपर्यंत कुणाला आत सोडायचं नाही."

"अगं, पण माझा पाव?"

"पाव नाही, आई."

वा! म्हटलं, जीभ वळायला लागली. मी मांडीवर पिशवी घेऊन ऐसपैस बसले.

थोड्या वेळाने कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस तरातरा आला. "आजी, सरका."

"नाही."

"मला आत जायचंय."

"उंदरांना भेटायचं असेल तर मागच्या बाजूला थांबा. तिकडून निघतात."

"मी कोण आहे माहीत आहे का?"

"कुणी का असेना. सुनेने सांगितलंय."

तेवढ्यात मागचं दार बघायला गेलेली सून धावत आली. "सर!"

अगं बाई! हेच ते मोठे साहेब! उठावं म्हटलं, पण माझे गुडघे काही साहेबांना ओळखत नव्हते.

साहेब म्हणाले, "सील ठोकायला गेलेल्या बाईंनी उद्घाटन केलं म्हणून मला फोनवर फोन येतायत. त्यात नव्या नगरसेवकांचा निरोप आलाय, संध्याकाळपर्यंत बेकरी उघडा. बोला."

बेकरीवाला आशेने टाचा उंचावून बघत होता.

"नाही, सर," सून म्हणाली. "पोती फेकून, बिळं बुजवून, मी पुन्हा तपासल्याशिवाय नाही."

"मी सांगितलं तरी?"

"तरी नाही."

या वेळी आवाज चिरकला नाही. साहेबांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, खुर्चीकडे, आणि त्यांचे खांदे गदगदा हलायला लागले.

"पक्की झाली म्हणा तुमची नोकरी," हसू आवरत ते म्हणाले. "वर्षभर कशाला थांबायचं!"

बेकरीवाल्याने कपाळावर हात मारला आणि मागच्या दाराने पोती काढायला गेला. चार शेजारी त्याच्या मदतीला धावले. साहेबांनाही चेव आला. शर्टाच्या बाह्या सरसावून ते पुढच्या दाराने आत शिरायला निघाले.

मी काठी आडवी धरली. "पट्टी आली नाही अजून. बाहेर थांबा."