बोटाची चिंधी

सखाराम आप्पा माणसाचा चेहरा नंतर बघायचे, आधी हात. निमोण्याच्या शाळेत मी नवी बाई म्हणून आले, तेव्हा ते भिंतीला गिलावा करत होते. माझ्या बोटांकडे बघून म्हणाले, "खडूनं बोटं फुटल्यात तुमची. तेल लावीत जा." मला रागच आला. पण त्या दिवसापासून तेल लावायला लागले, हेही कबूल करते.

आप्पा गवंडी. काम संपल्यावर उरलेलं सिमेंट त्यांना स्वस्थ बसू देत नसे. कुणाच्या ओट्यावर मोर, कुणाच्या विहिरीवर कासव, तेही न विचारता. "डोळं फसवत्यात, हात न्हाई," हे त्यांचं पालुपद.

बहात्तरच्या दुष्काळात गावच्या बायांनी खडी फोडली आणि शिरूरचा रस्ता झाला. पुढे आप्पांनी हट्टच धरला, की चौकात खडी फोडणाऱ्या बाईचा पुतळा बसवायचा. सरपंचांना बैल हवा होता. आप्पांनी वर्षभर त्यांचं डोकं खाल्लं आणि चौथरा मिळवला.

अनावरणाच्या आदल्या दिवशी बाया पुतळा बघायला जमल्या. सगळ्यांनी वाखाणला. रस्त्याच्या कामावर दोन उन्हाळे काढलेली चंद्राबाई तेवढी पुढे आली. पुतळ्याभोवती फेरी मारून म्हणाली, "आप्पा, हिच्या बोटाला चिंधी कुठं हाय?"

डाव्या हातानं दगड धरायचा, उजव्यानं हातोडा मारायचा. बोटं ठेचू नयेत म्हणून बाया डाव्या हाताला चिंध्या गुंडाळत. आप्पा त्याच कामावर पाट्या वाहत होते, आणि जन्मभर हात बघणाऱ्या माणसाच्या नजरेतून नेमकं तेवढंच सुटलं होतं. त्यांनी हातोडी घेतली आणि पुतळ्याचा डावा हात मनगटापासून फोडला.

सरपंच खवळले. उद्या पाहुण्यांना थोटी बाई दाखवायची का? निदान फडकं तरी गुंडाळा, म्हणाले. आप्पा बधले नाहीत. "पाव्हणं येत्याल न् जात्याल. ह्या बाया रोज हितनं जानार हायेत."

पाहुणे चहा पिऊन परत गेले. गावातली कामं आप्पांना मिळेनाशी झाली. मग ते दौंडला कामाला जायचे आणि रविवारी येऊन हात घडवायचे. चंद्राबाई चिंध्या बांधून समोर बसायची. तीनदा केलेला हात त्यांनी तीनदा मोडला. चौथ्यांदा चंद्राबाईनं तो बराच वेळ चाचपला आणि म्हणाली, "व्हय. आता माझा हाय."

अनावरण राहिलं ते राहिलंच. दोन वर्षांनी आप्पा दौंडला वारले. बातमी कळली तशी मी शाळा सोडून चौकात गेले. चंद्राबाई माझ्या आधीच आली होती. वाटीत तेल घेऊन ती पुतळ्याच्या डाव्या हाताला लावत होती.