भावसिंगने मोटारीला बांधलेलं मुसकं

रोज सकाळी, तोंडावर पाणी मारायच्याही आधी, भावसिंग आपल्या बैलांच्या नाकपुड्यांसमोर उजवा तळहात धरायचा. श्वास ऊन आहे की कोमट, सरळ येतो की अडखळत, ते पाहायचा आणि मगच जू उचलायचा. त्याचे आजे-पणजे लदेणीचे बैल घेऊन मीठ, धान्य वाहत मुलूखभर हिंडलेले. ओझं घेतलेलं जनावर कुठे थांबेल ते त्याच्या नाकावरून कळतं, असं त्या घरात सगळे मानत. पुढे मुकुटबनजवळच्या तांड्यातले ते बैल म्हातारे होऊन गेले. छप्पन साली भावसिंग बायकोला, लालीबाईला घेऊन यवतमाळला आला आणि बाबारावजींच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मोटार पुसायला लागला. बैल गेले तरी हाताची सवय गेली नाही. मोटार सुरू झाली की तो बॉनेट उघडून कार्बोरेटरच्या तोंडापुढे तळहात धरी. इंजिन हवा ओढी आणि तळव्याला गुदगुल्या होत.

"काहून बे, नाडी पाहून राह्यला का तिची?" जिनातला गोविंदा मिस्त्री विचारी.

"नाडी नाही जी. श्वास."

"बैलवाल्या, थे मशीन हाये! तू फडकं मार. इंजिनाले हात लावाचा नाही."

मोटार दोनच माणसांची होती. हिरवी, लांब नाकाची, वर छप्पर नसलेली. एका गोऱ्या साहेबाने देश सोडताना ती बाबारावजींना विकली होती. शर्यतीची गाडी म्हणून तिचा रुबाब मोठा, पण वय झालेलं. एरवी बरी पळे. कापसाचा हंगाम लागला, की मात्र गावाबाहेरच्या घाटात, ओढ्यावरच्या दुसऱ्या मोरीपाशी हमखास धापा टाकून उभी राही. मागून प्रवाशांची बस येई आणि खिडक्यांतून लोक ओरडत, "बाबारावजी, येता का? उभ्याची जागा हाये!"

साठ सालच्या हिवाळ्यात हे तिसऱ्यांदा झालं, तेव्हा बाबारावजी घाम पुसत जिनात आले आणि म्हणाले, "येत्या रविवारी घाट चढली तर ठीक. नाही तर सोमवारी नागपूरचा भंगारवाला." मग भावसिंगकडे पाहून त्यांनी आवाज जरा खाली आणला. "गाडीच गेली तर तुले ठेवून काय करू रे?"

तांड्यात आता ना बैल होते ना जमीन. परत जायचं ते रस्त्याची खडी फोडायला. भावसिंगने खांद्यावरचं फडकं हातात घेतलं.

"मालक, चार दिवस मले इंजिनाले हात लावू द्या."

"याले?" गोविंदा हसला. "मी तीनदा पेट्रोलचे जेट साफ केले, मालक."

"म्हणूनच म्हणतो, आता याले पाहू दे. आणखी बिघडाले राह्यलं काय?" बाबारावजी म्हणाले. "चढवली ना, भावसिंग, तर जिनामागची शेड तुयी. मिस्त्री म्हणून बस तिथं."

दुखणं कुठे आहे याचा अंदाज भावसिंगच्या तळहाताला होता. हंगामात जिनाच्या आवारात रुईचे तंतू हवेत तरंगत. कार्बोरेटरच्या तोंडावर लहानशी जाळी होती. तंतू तिच्यावर बसून थर होई आणि इंजिनाला हवा मिळेनाशी होई. जाळी काढावी, तर धूळ थेट आत. पहिल्या दिवशी त्याने जे केलं ते तेव्हा शहाणपणाचंच वाटलं. जाळी काढून त्याने तोंडावर धुतलेल्या मलमलीचे दोन पदर घट्ट बांधले. उभ्या जागी इंजिन गोड चाललं. गाडी चढाला लागली, तशी मलमल आत ओढली गेली, मागून काळा धूर सुटला आणि गाडी थांबली. प्लग काढले तर काजळासारखे काळे.

"लुगडं नेसवलं का रे तिले?" गोविंदाने विचारलं, तेव्हा अख्खं जिन हसलं.

घरी आला तेव्हा लालीबाई अंबाडीच्या दोरीचं मुसकं विणत होती. तांड्यातला खेमसिंग आता गाडीबैल घेऊन यवतमाळात कापूस वाहायचा, त्याच्या बैलासाठी. चालता बैल वाटेतल्या पिकाला तोंड लावू नये म्हणून ही जाळी बांधतात. भावसिंग कितीतरी वेळ तिच्या बोटांकडे बघत राहिला.

"लई मोठं करून राह्यली. बैलाचं तोंड येवढं कुठं हाये?"

लालीबाईने मान वर केली नाही. "तोंडापुरतं केलं तर श्वास कसा घेईन थो? कामाच्या बैलाले ढिलं मुसकं लागते. हे तुमाले मी सांगू?"

भावसिंग उठून उभा राहिला. त्याने मोटारीला तोंडापुरतंच बांधलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने तेलाचा चौकोनी डबा घेतला. आत बारीक तारेच्या जाळीची पेटी बसवली, मूळ तोंडाच्या दहापट तरी मोठी. जाळीच्या दोन पदरांमध्ये लालीबाईने विंचरून दिलेली अंबाडी भरली, इंजिनच्या तेलात भिजवून, निथळून. तंतू आणि धूळ तेलाला चिकटावी आणि हवा तेवढी पुढे जावी. मग चालू इंजिनाजवळ हात धरला, तर बॉनेटखालची हवा भट्टीसारखी. राबणाऱ्या जिवाला गार हवा लागते. म्हणून पुढून, रेडिएटरच्या बाजूने, मनगटापेक्षा जाड असा पत्र्याचा नळ त्याने डब्यापर्यंत आणला. टिनकाम करणाऱ्याने नळ काटकोनात डाग देऊन जोडला होता. भावसिंगने तो दोनदा परत केला. "हवेलेही वळाले जागा पाहिजे, भाऊ," तो म्हणाला.

आता हवा इतकी आली, की इंजिन फटफट करू लागलं. हवा वाढली तर पेट्रोलही थोडं वाढवायला हवं, हे त्याने आवाजावरून ओळखलं. पेट्रोल जास्त सुटावं म्हणून जेट किंचित खाली फिरवला, गाडी फिरवून आणली, प्लग काढून पाहिला. पुन्हा फिरवला. शनिवारी संध्याकाळी प्लग हवा तसा, भाजलेल्या गव्हाच्या रंगाचा निघाला.

रविवारी बाबारावजी चालवायला बसले, शेजारी भावसिंग. गोविंदा आधीच दुसऱ्या मोरीपाशी जाऊन उभा होता, खेमसिंगला त्याच्या बैलजोडीसकट आणि लांब दोर घेऊन. गाडी थांबली की ओढायची सोय. घाटात कापसाच्या बैलबंड्यांची रांग होती आणि झाडाझुडपांना कापूस लटकलेला. पुढे प्रवाशांची बस कण्हत चढत होती. पहिली मोरी गेली. बाबारावजींनी भीत भीत पाय दाबला. आजवर इथे इंजिन खोकायचं. आज त्याने भरून श्वास घेतला आणि घशातून असा दमदार आवाज काढला, की बाबारावजीच दचकले.

"दाबा जी," भावसिंग म्हणाला. "आणखी दाबा."

गाडी बसच्या बरोबरीला आली. खिडक्यांतली तोंडं उघडीच राहिली. बाबारावजींनी टोपी काढून हलवली. "या, या! पण जागा एकच हाये, थेही भरली!"

दुसरी मोरी आली तशी मागे गेली. गोविंदा दोर हातात धरून तसाच उभा, आणि खेमसिंग बंडीवर चढून नाचत, तांड्याच्या बोलीत भावाला घालतात तशी हाक घालत होता. "भिया! अरे भिया! मंग बैलं कायले आणवले?"

घाटमाथ्यावर पोचल्यावर बाबारावजींनी गाडी थांबवली, आपणहून, हौसेने. खाली बस अजून अर्ध्यावर होती. भावसिंगने खाली उतरून नळाच्या तोंडापुढे तळहात धरला.

संध्याकाळी जिनात गोविंदा आला. बराच वेळ गाडीभोवती फिरला, तंबाखू मळली, तोंडात मात्र टाकली नाही. शेवटी म्हणाला, "बॉनेट खोला, मिस्त्री. पाह्यू द्या मले."

त्या आठवड्यात भावसिंगला शेडची किल्ली मिळाली. पुढच्या हंगामापासून जिनाजिनांतले ट्रकवाले त्याच्या दारात उभे राहू लागले. "मुसकं बसवून द्या" एवढंच म्हणत. लालीबाई दारातल्या उन्हात अंबाडी विंचरत बसे आणि ड्रायव्हरांना रांग मोडू देत नसे. गोविंदा नोकरीतून मोकळा झाल्यावर दुपारी तिथेच येऊन बसू लागला, आधी गप्पांना, मग कामाला.

अडुसष्टच्या पौषात एका दुपारी भावसिंग जेवून जरा आडवा झाला, तो उठला नाही. त्या दिवशी शेडमध्ये तीन ट्रक उभे होते. एकाचा डबा अर्धा बसवून झाला होता. जेवायला निघताना त्याने फडक्याला हात पुसले आणि गोविंदाला सांगितलं, "पाना इथंच राहू दे भाऊ, मी जेवून येतो."