कोरफडीच्या पोटातले भाडेकरू

प्रयोगशाळेत बाईंना सगळे मागून 'धुणंवाली' म्हणत आणि ते त्यांना माहीत होतं. म्हणेनात का! काम धुण्याचंच होतं. कोरफडीचं पान आणायचं, नळाखाली चोळायचं, स्पिरिटमध्ये बुडवायचं, मग ब्लीचमध्ये, मग उकळून गार केलेल्या पाण्यात खळबळून काढायचं. पानाच्या अंगावरचे जंतू मेले पाहिजेत, पोटातले जगले पाहिजेत. बाईंना हवे होते ते पोटातले. झाडाच्या आत काही जिवाणू बिनबोभाट राहतात आणि भाड्यापोटी बाहेरून घुसणाऱ्या जंतूंना मारणारं काहीतरी तयार करतात, एवढीच सगळ्या संशोधनाची गोष्ट. लोक उगाच अवघड करून सांगतात.

बाईंचा उभा जन्म कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेला. निवृत्तीनंतर भिंती बघत बसायचं नव्हतं, म्हणून डॉक्टरेटला नाव घातलं. मार्गदर्शक कोण, तर त्यांचाच जुना विद्यार्थी. मागच्या बाकावर झोपायचा. आता डोक्यावर टक्कल आणि दारावर पाटी. चारचौघांत बाई त्याला 'सर' म्हणत, एकटा सापडला की 'अरे'.

पहिल्याच वर्षी घबाड हाती लागलं. कोरफडीतून निघालेला एक जिवाणू काचेच्या बशीत ठेवला आणि भोवती जखमेत पू करणारा जंतू पेरला. दुसऱ्या दिवशी बशीभर जंतूचा दुधाळ थर, पण त्या जिवाणूभोवती स्वच्छ, रिकामं कडं. तिथे जंतू फिरकलाच नव्हता. बाईंनी सगळ्यांना सांगितलं. घरी नणंदेला तर इतक्यांदा, की ती म्हणाली, "वहिनी, आता लग्न लावून द्या त्याचं."

मग दर नव्या बशीत कडं बारीक होत गेलं आणि एक दिवस दिसेनासंच झालं. बाईंनी पुन्हा केलं, तरी नाही. बशी या कडेपासून त्या कडेपर्यंत दुधाळ.

सरांनी त्यांना खोलीत बोलावून दार लावलं. "बाई, रागावू नका. सुरुवातीला पानाचा रस बशीत उतरला असेल. जंतू रसाने मेले आणि श्रेय तुम्ही दिलंत जिवाणूला."

"अरे, मी काय काल जन्मले?"

"मी नाही हो, डॉक्टरेटची समिती विचारेल. पुढच्या बैठकीत कडं दाखवता आलं नाही, तर विषय बंद. तुमचं टेबल नव्या मुलांना जाईल. माझ्या हातात काही नाही."

झोपाळू होता तेव्हा बरा होता, असं बाईंच्या ओठांवर आलं होतं. गिळलं.

त्या दिवशी घरी जेवताना त्यांनी जिवाणू काम करेनासा झाल्याचं सांगितलं. नणंद म्हणाली, "उपाशी ठेवत असाल बिचाऱ्याला."

"उपाशी? अहो ताई, साखर देते, मांसाचा अर्क देते, चार दिवसांनी ताजी बशी देते. दर वेळी सगळ्यात जाडजूड ठिपका बघून तोच पुढे नेते. गुबगुबीत झालाय मेला! नुसता खातो, काम शून्य."

"म्हणजे आमच्या भावासारखा."

पेपरामागे नवरा खाकरला. "माझं नाव मध्ये कशाला?"

नणंद हसली. आपणच काय बोलून गेलो ते बाईंना आता ऐकू आलं होतं. औषध तयार करायला कष्ट पडतात. कष्ट करणारा वाळकाच राहणार. आणि त्यांनी दर वेळी वाळके टाकून गुबगुबीत तेवढे निवडले होते! आयतं ताट, शत्रू कुणी नाही. कोण कशाला हातपाय हलवील? जन्मभर मुलांना निसर्गातली निवड शिकवली आणि स्वतः ही निवड केली.

सकाळी त्यांनी फ्रिजमधली सगळ्यात जुनी, पहिल्या वर्षीचा जिवाणू जपलेली नळी काढली. त्याचं खाणं पाणी घालून पातळ केलं, त्यात कोरफडीचा रस मिसळला आणि चार दिवसांनी ठिपके उगवल्यावर या वेळी मुद्दाम फिकट, बारके उचलून जंतू पेरलेल्या बशीत ठेवले. जंतू पेरलेल्या आणखी एका बशीत नुसता रस ठेवला, जिवाणूशिवाय. सरांना सांगून टाकलं, "रसाच्या बशीत कडं निघालं, तर तुझं खरं. टेबल मी स्वतः पुसून देईन."

दुसऱ्या दिवशी बाईंनी आधी रसाचीच बशी उघडली. दुधाळ थर रसाला अगदी खेटून वाढला होता, जंतूला कशाची फिकीर नव्हती. बाईंना त्या जंतूची पापी घ्यावीशी वाटली.

मग जिवाणूची बशी. उजेडाकडे धरली. कडं होतं. रुंद, स्वच्छ, पहिल्यापेक्षा थोरलं.

सर धावत आले, मागोमाग प्रयोगशाळेतली मुलंही. सरांनी बशी दोनदा फिरवून पाहिली. यातून औषध निघेल की नाही हे कळायला अजून वर्षं जातील, ते दोघांनाही ठाऊक होतं. ते पुढचं पुढे.

"बाई, टेबल तुमचंच. समितीला मी सांगतो."

"ते सांग सावकाश," बाई टेबलाला धरून म्हणाल्या. "आधी खुर्ची दे रे. सकाळपासून उभीच आहे."

चारचौघांत त्यांनी 'रे' म्हटलं होतं. सरांनी निमूट खुर्ची आणून दिली आणि बाई कितीतरी दिवसांनी पाठ टेकून बसल्या.