डेल्फीनचं जन्माचं वजन

डेल्फीन इनोसला सगळं गाव 'काडी' म्हणायचं. ॲरिझोनाच्या उन्हात, हिला नावाच्या नदीकाठच्या तिच्या वस्तीत, साखरेच्या आजारानं बहुतेक प्रत्येक घरात कुणाला तरी धरलं होतं. तिचे वडील साखरेनंच गेले होते. आई ऑड्राच्या पायाची दोन बोटं कापली होती. डेल्फीन मात्र निर्धास्त होती. शाळेची बस चालवायची, हवं ते खायची आणि म्हणायची, "साखर जाड्यांना होते. मला कुठून होणार?"

अठ्ठाविसाव्या वर्षी तिला दिवस गेले. दवाखान्यातली नर्स रोविना आईची मैत्रीण. तिनं तपासता तपासता विचारलं, "जन्मलीस तेव्हा तुझं वजन किती होतं गं?"

"माझं? मावशी, बाळाचं विचार ना!"

"तुझंच विचारतेय."

डेल्फीननं आईला फोन लावला. नर्सचा प्रश्न तिला विचारला. आई म्हणाली, "चार पौंड. दिवस पूर्ण भरले होते, तरी एवढीशीच. त्या वर्षी माझ्या पोटात काही ठरतच नव्हतं."

रोविना लिहिता लिहिता थांबली. "साखर आजच तपासू. सातव्या महिन्यापर्यंत थांबायला नको."

"पण मी तर काडी आहे!"

"आईच्या पोटात कमी मिळालं की शरीर कमीत भागवायला शिकतं. पुढे गर्भारपणाचा ताण पडला की त्याला झेपत नाही. सगळ्यांचं असं होत नाही, पोरी. पण तुझ्यावर माझं लक्ष राहील."

साखर निघाली. डेल्फीननं तळलेली भाकरी सोडली, शेंगदाण्याएवढ्या टेपरी नावाच्या तिथल्या घेवड्याची उसळ खाऊ लागली, पहाटे कालव्याच्या कडेनं चालू लागली. तरी आकडे चढतच गेले. शेवटी इंजेक्शनं आली.

"मी टोचून घ्यायचे तेव्हा तोंड फिरवायचीस," आई म्हणाली. "आता बघ नीट." आणि स्वतःच्या हातानं तिनं लेकीला सुई धरायला शिकवलं.

नवव्या महिन्यात एका सकाळी मुलांना शाळेत सोडून परतताना डेल्फीनच्या लक्षात आलं, उठल्यापासून बाळ हललंच नाही. कापसाच्या शेताशी तिनं बस थांबवली, मागच्या बाकावर कुशीवर आडवी झाली. पोट दाबलं, हाका मारल्या. आत काहीच नाही.

रोविना फोनवर ओरडली, "घर गाठत बसू नकोस. बस घेऊनच ये!"

पिवळी बस थेट दवाखान्याच्या दारात येऊन उभी राहिली. तासाभरात पोट चिरून मुलगी काढली. साडेनऊ पौंडांची, निळसर, गप्प. रडली, पण फार उशिरा. तिची साखर इतकी उतरली होती की दोन दिवस नळीतून साखरपाणी द्यावं लागलं.

"पैलवान आलीय की!" बघायला आलेल्या आत्या हसल्या. ऑड्रा हसली नाही; हे वजन लेकीच्या साखरेनं वाढवलेलं, हे तिला माहीत होतं. नातीच्या गुबगुबीत मनगटावर बोट ठेवून ती बसून राहिली.

दीड महिन्यानं पुन्हा तपासणी झाली. बहुतेकींची साखर बाळंतपणानंतर जाते. डेल्फीनची गेली नव्हती.

"म्हणजे आता कायमची?"

"तसंच दिसतंय," रोविना म्हणाली.

डेल्फीननं झोपलेल्या लेकीकडे पाहिलं. "आणि हिला?"

रोविना भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटत म्हणाली, "हिला दर वर्षी तपासायला आणत जा. चुकवू नकोस."

डेल्फीननं तिथंच, उभ्या उभ्या, लेकीच्या तपासणीची पहिली तारीख घेतली.