डावीकडचा जादा पाटा

नवी गाडी गावात आली की माणसं तिच्या तोंडासमोर उभी राहतात. हार घालतात, नारळ फोडतात, फोटो काढतात. तात्या कधी गाडीच्या तोंडाकडे गेला नाही. तो सरळ मागे जायचा, पँट गुडघ्यापाशी वर ओढून चाकाजवळ उकिडवा बसायचा आणि मान वाकडी करून गाडीच्या पोटाखाली बघत राहायचा, डॉक्टरने पेशंटची जीभ बघावी तसा. मग एकच प्रश्न: "पाटे कुठून घेतले?" आख्खा गेवराई तालुका त्याला पाटेतात्या म्हणायचा. माझ्यापेक्षा तो दहा वर्षांनी मोठा, म्हणून तोंडावर मी "अहो तात्या" म्हणत आलो. मनात मात्र एकदाही अहोजाहो केलं नाही, आणि इथे कागदावरही करणार नाही. एवढा सूड तरी मला घेऊ द्या.

सूड कशाचा म्हणाल, तर आमच्या तलवाड्यात पहिली पिकअप माझी आली. तात्याची नंतर, तीही जुनी, दुसऱ्याची वापरलेली. माझ्या गाडीची पूजा चालली होती, बायको आरतीचं ताट घेऊन उभी होती, निम्मं गाव जमलं होतं, आणि हा मागून उठून हात झटकत म्हणाला, "कापूस जाईल ह्याच्यावर. कांदा न्हाई जायचा." आठच दिवसांनी मी कांदा भरला. गाडीचा मागचा भाग असा बसला की गेवराईपर्यंत ती तोंड वर करून, आभाळातलं काहीतरी शोधत गेली. पूजा कुणाच्या लक्षात राहिली नाही. तात्याचं वाक्य मात्र चकलांब्यापर्यंत पोचलं.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाटे म्हणजे चाकांच्या आसावर एकावर एक रचलेल्या वाकलेल्या पोलादी पट्ट्या. सगळा भार त्या पेलतात. गाडीबरोबर कंपनीचे येतात ते आमच्या मालापुढे नाजूक ठरतात, म्हणून बाहेरचे घालावे लागतात. किती घालायचे, केवढ्या जाडीचे, इथे भलेभले फसतात. दुकानदार तर सगळ्यात जाड पाटा पुढे करून सांगतो, बिनधास्त हत्ती बसवा. तात्या दुकानात गेला की जाड पाट्याकडे बघायचाही नाही. दोन पाटे एकावर एक ठेवून उन्हाकडे धरायचा आणि मधून उजेड किती दिसतो, म्हणजे ते एकमेकांवर कसे बसतात, ते बघायचा. जुन्या पाट्यांत एकच नवा घालायला निघालेल्या माणसाला तो हाताला धरून थांबवायचा. "जुने बसलेले हायेत, नवा ताठ हाय. सगळा भार तो एकटाच घेईल आन् मोडंल. नव्या सुनेचं करता तसं करू नका." दुकानात सासवा नसायच्या, म्हणून सगळे हसायचे.

त्याचं दुसरं एक ठरलेलं असायचं. पाटे घ्यायला आलेलं गिऱ्हाईक सांगायला लागायचं की एवढी पोती, एवढे कॅरेट. तात्या म्हणायचा, "भरून काय नेतो ते ऱ्हाऊ दे. येताना काय आणतो?" येताना तर गाडी रिकामीच, असं उत्तर आलं की तो एक पाटा बाजूला काढून ठेवायचा. रिकाम्या गाडीला फार ताठ पाटे घातले तर ती बेडकासारखी उड्या मारते आणि निम्मं आयुष्य तर तिचं रिकामंच जातं, हे त्याचं म्हणणं. किती साधी गोष्ट. मला का सुचली नाही, ह्या विचाराने मी कित्येक दिवस नीट जेवलो नव्हतो.

नेकनूरपासून माणसं त्याला विचारायला यायची. शेवटी माझ्या सख्ख्या मेहुण्याने पिकअप घेतली आणि पाटे निवडायला बरोबर नेलं कुणाला, तर तात्याला. मी समोरच्या हॉटेलात बसून तीन चहा प्यायलो आणि दोघांना पाट्यांवर वाकलेलं बघत राहिलो. घरी आल्यावर बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, भाऊ माझा असला तरी गाडी त्याची आहे ना.

पण ही सगळी किरकोळ जळजळ. खरं दुखणं होतं कोंडिबा मुकादमाची टोळी. दिवाळी झाली की त्याचे सहा कोयते, म्हणजे सहा नवराबायकोंच्या जोड्या, ऊस तोडायला सांगलीकडच्या कारखान्यावर जायचे. पोरं, म्हातारी माणसं, भांडी, बाजरीची पोती, शेळ्या, कोंबड्या, सगळा संसार गाडीत. आमच्याकडे ज्याच्या हाती माणूस आपली बायकापोरं आणि संसार देतो, तोच गाडीवाला. बाकीचे नुसते मालवाहू. कोंडिबा दर वर्षी तात्यालाच सांगायचा. मी विचारलं की म्हणायचा, "तुमची गाडी नवी हाय, भाऊ. चांगलीच हाय की." आणि विषय बदलायचा.

तेव्हा मी ठरवलं, तात्याच्या पाट्यांतच काहीतरी मंत्र आहे.

चकलांब्याच्या एका लग्नात संधी मिळाली. मंडपामागे तात्याची पिकअप उभी होती, हौद्यात डाव्या कोपऱ्यात त्याचा नेहमीचा निळा ड्रम दोरीने आवळलेला. तात्या मंडपात अक्षता वाटत होता. मी पांढराशुभ्र सदरा घालून गाडीखाली शिरलो. मोबाईलच्या उजेडात पाटे मोजले, सुतळीने जाडी मापली. उजवीकडे सहा, डावीकडे सात. सात! मंत्र सापडला. अक्षता पडल्या तेव्हा मी खालीच होतो. बाहेर आलो तर सदऱ्याच्या पाठीवर ग्रीसचा भलामोठा नकाशा उमटला होता. बायकोला सांगितलं, आचाऱ्याच्या कढईला टेकलो. तिने कढई बघितली, मला बघितलं आणि जिलबी खायला निघून गेली.

दुसऱ्याच दिवशी मी गेवराईला. उजवीकडे सहा, डावीकडे सात. दुकानदार म्हणाला, डाव्याला एक जादा कावून? मी गूढ हसलो आणि म्हणालो, असतंय.

गाडी बाहेर काढली ती उजवीकडे झुकून. रिकामी असो, भरलेली असो, मान कलती. कुणी रस्त्याला दोष दिला, कुणी मला. बायको म्हणाली, गाडी कुणाचं तरी गुपित ऐकल्यासारखी चालते. मी म्हणत राहिलो, नवे पाटे आहेत, बसतील हळूहळू.

एका बाजाराच्या दिवशी तात्या आला. मागे उकिडवा बसला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पुन्हा डावीकडे. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला,

"ड्रम कुठं हाय?"

"कसला ड्रम?"

"सातवा पाटा ड्रमासाठी हाय, दत्ता. तू खालीच बघितलंस व्हय?"

मी उभ्या बाजारात जमिनीत गेलो. तात्याने मग सांगितलं. खूप वर्षांमागे टोळी नेताना एका हॉटेलवाल्याने बाळंतिणीला नळावरून हाकललं होतं. तेव्हापासून दोनशे लिटरचा ड्रम बारा महिने भरलेला. टोळीतली बाई कुणापुढे तांब्या घेऊन उभी राहणार नाही. "पानी बी वजनच हाय की," तो म्हणाला, "आन् ते कायम एकाच अंगाला." आणि निघून गेला. माझी ही फजिती त्याने गावात कुणालाही सांगितली नाही. सांगितली असती, लोक हसले असते, तर मी मोकळा झालो असतो. त्याने ती सोयही ठेवली नाही. आता पाटा उतरवला तर दुकानदाराला कळणार, म्हणून मी ड्रमच विकत आणला. पिवळा, त्याच्यापेक्षा मोठा.

मग तात्याच्या पाठीचे मणके गेले. डॉक्टरांनी स्टेअरिंग बंद केलं. गाडी त्याने नेकनूरच्या माणसाला विकली, मला विचारलंही नाही, आणि मुलीकडे पुण्याला निघाला. एस. टी. त बसवायला आम्ही पुष्कळजण गेलो होतो. खिडकीतून त्याने सगळ्यांच्या गाड्यांची चौकशी केली. माझ्या गाडीची नाही.

त्या दिवाळीनंतर कोंडिबा माझ्या दारात. टोळी तुमच्या गाडीत न्यायची, तात्यानं तुमचंच नाव सांगितलंय, म्हणाला. मी एवढा फुललो की त्याला दोनदा चहा पाजला. त्याची बायको पारूबाई उंबऱ्यापाशी बसली होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय म्हणाले तात्या?"

कोंडिबा घोटाळला. पारूबाईला कसला संकोच नव्हता. "म्हनला, दत्ता माझ्यावर लई जळतो. माझ्यापेक्षा चांगलं नेऊन दाखवायला जीव टाकील. त्यालाच सांगा."

कोंडिबाने चहाच्या कपात नजर घातली. मला रागावता येईना, नाकारता येईना. उजाडायच्या आत टोळी चढली. म्हाताऱ्यांना मी पुढे बसवलं, शेळ्यांखाली पोती अंथरली. खड्डा दिसला की अशी गाडी उतरवली की पोरांची झोप मोडू नये. गतिरोधकांवर तर मी श्वास धरून गेलो. दिवस मावळायच्या आत कारखाना गाठला. एक भांडं फुटलं नव्हतं, एक कोंबडी ओरडली नव्हती.

पारूबाई उतरली, कंबर सरळ केली आणि म्हणाली, "तात्यानं बी असंच आनलं असतं."

मी न राहवून विचारलं, "असंच? का थोडं आदळत?"

तिने शेळी खाली घेतली आणि विचार केला. जरा जास्तच केला.

"आदळत न्हाई," ती म्हणाली. "पर तात्या वाटंनं गानी म्हनायचा. पोरं लई खूश असायची."

मला गाता येत नाही. शाळेत प्रार्थनेलासुद्धा मला नुसते ओठ हलवायला सांगत. परतताना गाडी रिकामी होती, रस्ता मोकळा होता. दोन्ही काचा वर केल्या आणि सुरुवात केली.