एका बाजूचा उजेड

सुनेला जुन्या तैलचित्रांच्या धर्तीवर घरातल्या माणसांची छायाचित्रे काढायची आहेत. त्यासाठी काल तिने खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या, एकच झडप उघडी ठेवली आणि माझ्या पत्नीला त्या तिरप्या उजेडात बसवले. भर दुपारी घरात अंधार करण्यास मी रीतसर हरकत नोंदवली.

“अहो, हे काय कोर्ट आहे?” ही हसली.

“आई, हसू नका. बाबा पत्र वाचून दाखवतात तेव्हा बसता ना, तशा बसा. बाबा, वाचा तुम्ही.”

नगरपालिकेला लिहिलेले नवे संतप्त पत्र मी खड्या आवाजात वाचू लागलो आणि सहज मान वर केली. हिचा अर्धा चेहरा काळोखात होता; उजेडातल्या अर्ध्यावर झुकलेली पापणी आणि घट्ट मिटलेले ओठ. आमच्या ट्यूबलाइटचा उजेड सगळीकडे सारखाच पडतो, म्हणून त्यात काहीच दिसत नसावे. जुने चित्रकार उजेड एवढा जपून का वापरत, ते मला तेव्हा उमगले. हिचे गप्प बसणे मी आजवर संमती म्हणून गृहीत धरत आलो. ते निमूट सोसणे होते.

“अगदी अस्संच! बाबा, थांबू नका.”

माझ्याने पुढे वाचवेना.

“वाचा हो,” ही मान न हलवता म्हणाली, “मला सवय आहे.”