डब्याचं झाकण आणि माझा ओशट आवाज

मंडळी, आज डबे घासताना दहा वर्षांच्या लेकीला एक मराठी शब्द शिकवला आणि चांगलीच फसले.

"साबण लावला तरी झाकण ऑइलीच लागतंय," ती कुरकुरली. म्हटलं, "तेल दिसतं ते तेलकट. धुतल्यावरही बोटांना लागत राहतं ते ओशट."

तेवढ्यात इथल्या, आखाती देशातल्या अल खर्जच्या हॉस्पिटलमधल्या आमच्या हेड नर्सचा फोन आला. दुपारी जेवताना मी त्यांच्याच नावाने बोटं मोडत होते. पण माझ्या बाबांच्या ऑपरेशनसाठी चिपळूणला जायला सुट्टी हवी होती. "मॅडम, आप हैं तो वॉर्ड चलता है," मी म्हटलं. सुट्टी मिळाली.

फोन ठेवला तर लेक म्हणाली, "मम्मी, तुझा आवाज एकदम ओशट झाला होता."

मी खूप हसले. याला लोणी लावणं म्हणतात, हेही हौसेनं सांगून टाकलं.

संध्याकाळी तिने काढलेलं चित्र दाखवलं. "किती सुंदर!" मी अगदी मनापासून म्हटलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "खरंच? की लोणी?"

झाकण तिसऱ्यांदा घासल्यावर स्वच्छ झालं. आवाजाला काय लावायचं, कुणाला माहीत आहे का?